हे तुमच्या मुलीला सांगाल का?

"मॅडम, मी चुकतेय का?"

हा प्रश्न घेऊन माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येणारी माणसं बहुतेक पन्नाशीच्या पुढची असतात. घरात ऐंशी ओलांडलेली आई किंवा वडील, अंथरुणाला खिळलेले नाहीतर विसरायला लागलेले. मुलं शिक्षणाला, नोकरीला बाहेर. चोवीस तासांची बाई टिकत नाही, ब्यूरोवाले दर वाढवत राहतात, आणि एक दिवस डॉक्टरच म्हणतात, "आता वृद्धांची देखभाल करणारं एखादं केंद्र बघा." तिथून झोप उडते. केंद्र परवडेल का, स्वच्छ आहे का, रात्री नर्स असते का, हे सगळं त्यांनी माझ्याकडे येण्याआधीच तपासलेलं असतं. माझ्याकडे ती निकाल मागायला येतात. चूक की बरोबर, एवढं एकदा सांगून टाका.

मी निकाल देत नाही. 'तुमचं काही चुकत नाही' असं म्हटलं तर माणसाला बरं वाटतं, पण ते खाली उतरून रिक्षा मिळेपर्यंतच. कारण त्याच्या मनात आधीच एक वाक्य ठाण मांडून बसलेलं असतं: मुलांनी आई-वडिलांना सांभाळलंच पाहिजे. त्या वाक्यापुढे माझ्या निकालाची काय किंमत? म्हणून मी माणसाची समजूत घालण्याआधी ते वाक्य तपासायला घेते. मानसशास्त्राकडे वळण्यापूर्वी मी तत्त्वज्ञानात एम.ए. केलं, नीतिशास्त्र घेऊन. त्याचा पुढे काय उपयोग झाला, असं नातेवाईक अजून विचारतात. तो हा असा झाला.

माधुरीताईंची गोष्ट सांगते. नाव बदललं आहे, काही तपशील इकडचे तिकडे केले आहेत, आणि तीन-चार महिन्यांचं बोलणं मोजक्या संवादांत बसवलं आहे.

माधुरीताई चौपन्न वर्षांच्या, पुण्यात बँकेत अधिकारी. माहेर सांगलीच्या गावभागातलं. वडील गेल्यावर आई काही वर्षं एकटी राहिली. मग न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं आणि माधुरीताई तिला पुण्याला घेऊन आल्या. त्याला तीन वर्षं झाली होती. आई आता ब्याऐंशीची. चालणं बंद, विसर वाढलेला. रात्री दोन-तीनला हाका मारायची, सांगलीच्या घराला कुलूप लावलं का ते विचारायची. माधुरीताईंच्या यजमानांची अँजिओप्लास्टी झालेली, धाकटा भाऊ न्यू जर्सीला, मुलगी ईशा नुकतीच बंगळूरला नोकरीला लागलेली. शहराबाहेरचं एक केंद्र त्यांनी दोनदा जाऊन पाहिलं होतं. आवडलंही होतं. तिथला प्रवेशाचा फॉर्म भरून पर्समध्ये ठेवला होता आणि दोन महिने तो पर्समध्येच होता.

"पोटच्या मुलीनं आईला सांभाळलंच पाहिजे, मॅडम. यात विचारण्यासारखं काय आहे?"

"सांभाळायचं म्हणजे काय काय करायचं?"

प्रश्न त्यांना बावळट वाटला असावा. तरी त्यांनी यादी सांगितली. वेळेवर खायला घालायचं, औषधं, डायपर, अंग पुसणं, डॉक्टर. सगळं घरात, आणि होईल तितकं आपल्या हातानं. मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि न चिडता. मी चिडते हो. परवा रात्री तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा मी 'गप्प बस' म्हणाले. आपल्या आईला! सकाळी तिला आठवतही नव्हतं. मला राग यायलाच नको ना?"

इतर सगळ्या कलमांपेक्षा हे शेवटचं कलम माणसाला जास्त जाळतं. आणि गंमत अशी की आज्ञा म्हणून तेच सगळ्यात लंगडं असतं. जे करणं ऐकणाऱ्याच्या हातात आहे, त्याचीच आज्ञा देता येते. 'खिडकी लाव' असं सांगता येतं, 'उंच हो' असं सांगता येत नाही. 'राग येऊ देऊ नकोस' हे पहिल्यासारखं दिसतं, पण असतं दुसऱ्याच्या जातीचं. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट हा कर्तव्याच्या बाबतीत फार कडक माणूस. त्यानंसुद्धा १७८५ सालच्या आपल्या नीतिविषयक पुस्तकात मान्य केलं आहे की मनात उमटणाऱ्या प्रेमाची आज्ञा देता येत नाही, चांगलं वागण्याची देता येते.

आपला कायदा इथं बराच समंजस आहे. २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या कायद्यानं मुलगा आणि मुलगी दोघांवर सारखी जबाबदारी टाकली आहे, सज्ञान नातवंडांवरही. न्यायाधिकरण दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च द्यायला लावू शकतं. म्हाताऱ्या माणसाला कायमचं सोडून देण्याच्या हेतूनं कुठं टाकून आलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही 'निर्वाह' म्हणजे काय हे सांगताना कायदा म्हणतो: अन्न, वस्त्र, निवारा, वैद्यकीय उपचार. माया वाटली पाहिजे किंवा चेहरा हसरा ठेवला पाहिजे असं एकाही कलमात नाही. माणसाकडून काय मागता येतं, याची जाण कायदा करणाऱ्यांना होती.

"म्हणजे कायद्यापुरतं मी करतेच आहे," माधुरीताई कोरडेपणानं म्हणाल्या.

"कायद्यापुरतं केलं की झालं, असं मी म्हणत नाही. यादीतलं शेवटचं कलम खोडा, एवढंच. राग आला तर आला. हाक आल्यावर उठायचं की नाही आणि उठून काय बोलायचं, हे तुमच्या हातात आहे. तेवढ्याचाच हिशोब ठेवा."

याचा उपयोग झाला. रात्रीचं ओरडणं कमी झालं. राग आल्याबद्दलचा राग गेला की मूळचा राग पुष्कळदा आपोआप उतरतो. फॉर्म मात्र पर्समध्येच राहिला.

पुढच्या वेळी त्या तयारीनं आल्या होत्या. "रागाचं पटलं. पण ती आई आहे. तिनं मला वाढवलं, खस्ता खाल्ल्या. म्हणून..."

"म्हणून काय?"

"म्हणून काय म्हणजे? म्हणून मी तिला घरातच ठेवलं पाहिजे."

मी एक कागद घेतला. वर लिहिलं, 'तिनं मला वाढवलं.' खाली लिहिलं, 'मी तिला घरातच ठेवलं पाहिजे.' मध्ये एक ओळ रिकामी सोडली आणि कागद त्यांना दिला. पहिल्या वाक्यात काय घडलं ते आहे. दुसऱ्यात काय करावं ते आहे. एकावरून दुसऱ्यावर उडी मारता येत नाही, मध्ये पायरी लागते. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं १७४० मध्येच ही तक्रार केली होती: नीतीवर लिहिणारे लोक 'आहे', 'नाही' असं लिहीत चाललेले असतात आणि वाचकाच्या नकळत 'करावं', 'करू नये' वर येतात. कसे आले ते कुणी सांगत नाही. ह्यूमच्या पुस्तकी तक्रारीत माझ्याकडे येणाऱ्यांची निम्मी दुखणी बसतात. ती न दिसणारी पायरीच तर त्यांच्या पायात रुतलेली असते.

आठवड्यानं माधुरीताई तो कागद घेऊन आल्या. मधल्या ओळीत बरीच खाडाखोड होती. आधी लिहिलं होतं, 'ज्यांनी आपल्यासाठी केलं त्यांच्यासाठी आपण करावं.' मग त्यांच्याच लक्षात आलं, बँकेची नजर, की यातून 'करावं' निघतं, 'घरातच' निघत नाही. म्हणून ते खोडून लिहिलं होतं, 'ज्यांनी आपल्याला वाढवलं त्यांच्यासाठी आपलं सगळं बाजूला ठेवून, आपल्या घरात, आपल्या हातानं करावं.' आणि खाली आधाराला एक नाव: पुंडलिक.

मराठी घरातला माणूस असला की हे नाव येणारच. ज्यानं आई-बापांची सेवा सोडून मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही, देवाकडे वीट सरकवली. त्या नावाशी मी वाद घालत नाही. फक्त मीमांसकांची, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या शास्त्रकारांची, एक वाटणी सांगते. वेदातली सगळीच वाक्यं म्हणजे हुकूम नव्हेत, असं त्यांनी ठरवलं होतं. काही वाक्यं 'हे कर' म्हणून सांगतात, तो विधी. काही 'हे करू नकोस' म्हणतात, तो निषेध. आणि पुष्कळ वाक्यं नुसती स्तुती करतात, गोष्टी सांगतात, तो अर्थवाद. त्यांचं काम विधीकडे मन ओढून घेण्याचं. गोष्टीला हुकूम समजू नये. पुंडलिकाची कथा ही सेवेची स्तुती आहे. मधुमेह झालेल्या चौपन्न वर्षांच्या बाईनं रोज रात्री चार वेळा उठावं, असं तीत लिहिलेलं नाही. शिवाय कथेतला पुंडलिक आधी आई-बापांना छळणाराच होता. हा भाग कीर्तनकार सांगतात, पण आपण लक्षात ठेवत नाही.

"आणि त्याला मार्चअखेर नव्हता," माधुरीताई म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच विनोद करत होत्या.

आता मधलं वाक्य पूर्ण होतं. गाळलेली पायरी भरलेली होती आणि ते वाक्य नियमासारखं दिसत होतं. मी म्हटलं, "आता हे ईशाला वाचून दाखवा."

"कशाला?"

"तिलाही लागू आहे ना. तुम्ही तिला वाढवलंत."

त्यांनी कागदाकडे पाहिलं. मग आवाज एकदम चढला. "अजिबात नाही! ती बंगळूर सोडून माझ्या उशाशी बसणार? काय म्हणून? मी तिला त्यासाठी वाढवलेलं नाही. मला चांगल्या ठिकाणी ठेवावं, येऊन-जाऊन असावं, माझ्यासाठी तिथल्या लोकांशी भांडावं. बास. सगळं सोडून बसली तर मीच रागावेन तिच्यावर."

"तिनं तसं केंद्रात ठेवलं तर ती वाईट मुलगी ठरेल?"

"छे! काहीतरीच."

"आणि तुम्ही ठेवलं तर?"

मी पुढं काही बोलले नाही. अशा जागी समुपदेशकानं तोंड उघडलं तर हातातोंडाशी आलेला घास जातो. नवीन मुलं शिकायला येतात तेव्हा त्यांना मी हेच सांगते. तुमचा प्रश्न जितका चांगला, तितकं त्यानंतर जास्त वेळ गप्प बसा.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "म्हणजे हे फक्त मलाच आहे."

"असं दिसतंय."

"असं कसं? नियम म्हणजे सगळ्यांना असतो. आमच्याकडे एकाच खातेदारासाठी परिपत्रक निघत नाही."

"मग एकाच माणसाला जे सांगितलं जातं, त्याला काय म्हणायचं?"

"ऑर्डर," त्या म्हणाल्या. "हुकूम."

मला जे म्हणायचं होतं ते त्यांनी म्हटलं, आणि माझ्यापेक्षा नेमकं म्हटलं. आर. एम. हेअर नावाचा एक इंग्रज तत्त्वज्ञ होऊन गेला. दुसऱ्या महायुद्धात तो हिंदुस्थानी तोफखान्यात होता, १९४२ मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडला आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिला. ब्रह्मदेशच्या रेल्वेवर राबला. साडेतीन वर्षं दुसऱ्यांचे हुकूम झेललेल्या या माणसानं पुढं हुकूम आणि नैतिक मत यांच्या भाषेचाच अभ्यास केला, त्यावर १९५२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. दोन्ही वाक्यं माणसाला काहीतरी करायला सांगतात, एवढ्यापुरती ती भावंडं. पण 'दार लाव' हे एका माणसाला एका वेळेपुरतं सांगितलेलं असतं. त्याला कारण लागत नाही, उद्या दुसऱ्याला 'दार उघडं ठेव' म्हटलं तरी बोलणाऱ्यानं स्वतःचं म्हणणं खोडलं असं होत नाही. 'असं करणं चूक आहे' म्हटलं की मात्र बोलणारा अडकतो. तशाच परिस्थितीत जो कुणी असेल, मुलगी असो, भाऊ असो, तो स्वतः असो, त्या प्रत्येकाला ते वाक्य लागू होतं. लागू करायचं नसेल तर फरक दाखवावा लागतो. आणि 'ती ईशा आहे, मी मी आहे' हा फरक चालत नाही.

अपराधीपणानं पोखरलेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या मनातलं वाक्य बोलतं नियमाच्या आवाजात, पण फिरतं एकट्या त्यांच्याभोवती. माझ्या आजवरच्या कामातून मला हाती लागलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे. ते वाक्य दुसऱ्या कुणाला, विशेषतः ज्याच्यावर आपली माया आहे अशा माणसाला मोठ्यानं सांगून पाहायचं. जीभ अडखळली तर समजायचं की इथं काहीतरी गडबड आहे.

हुकूम असेल तर तो देणारा कुणीतरी असतो. कोण, ते मी विचारलं. वडील? नाही. आई? "आई एका शब्दानं कधी म्हणाली नाही," माधुरीताई ठामपणे म्हणाल्या. नंतर एकदा आपणहून आठवण निघाली. त्या बी.कॉम.ला असताना शेजारच्या काकूंना त्यांच्या मुलीनं आश्रमात ठेवलं होतं. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "पोटची पोर असून! काय मुली असतात एकेक." बस्स, एवढंच. बोलणं शेजारणीच्या मुलीबद्दल होतं, पण हुकूम पोचला ऐकणाऱ्या मुलीला. दुसऱ्याबद्दल दिलेलं नैतिक मत असंच काम करतं. 'तिनं चुकीचं केलं' या वाक्यात 'तू तिच्या जागी असलीस तर तसं करू नकोस' हे आलंच. आपण पोरांसमोर नातेवाइकांबद्दल किती निकाल देत असतो! त्या प्रत्येकाची एक प्रत पोरांच्या नावे निघत असते.

"तुमच्या आईची आई कुणाकडे होती शेवटी?" मी सहज विचारलं. खरं सांगायचं तर सहज नव्हे.

"आजी? मामाकडे, मिरजेला. आई जायची की सणासुदीला. तेव्हा लेकीकडे राहायची पद्धत नव्हती हो. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा..." आणि त्या मध्येच थांबल्या. "मिरज! सांगलीपासून दहा किलोमीटर!" मग त्या हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "म्हणजे हा नियम आईनं पण नाही पाळला."

तो त्यांच्या आईचा दोष नव्हता, हे दोघींनाही ठाऊक होतं. त्या काळी लग्न झालेल्या मुलीकडून ही अपेक्षाच नसे. लग्न झालेल्या मुलीवरही आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी येते, हे सर्वोच्च न्यायालयाला १९८७ मध्ये कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात स्पष्ट करून सांगावं लागलं. पण जे आईलाही लागू नव्हतं आणि लेकीलाही लागू करायचं नाही, ते मधल्या एकटीनं का वाहायचं, हा प्रश्न आता कागदावर आला होता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण माझ्या क्षेत्रातल्या काही लोकांना ती पटत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेनं जाणारे समुपदेशक 'सांभाळलंच पाहिजे' मधल्या 'च'वर घाव घालतात. 'सांभाळता आलं तर बरं' असं म्हणायला शिकवतात. एलिसचं ऋण मलाही मान्य आहे, परीक्षेच्या मार्कांवर किंवा बायकोनं कसं बोलावं यावर अडून बसलेल्या माणसाला ते औषध छान लागू पडतं. पण म्हाताऱ्या आईबद्दलचं कर्तव्य ही आवडनिवड नाही. त्याला 'झालं तर बरं' करून टाकणं म्हणजे ओझं उतरवण्याच्या नादात माणूसच हलका करणं. 'पाहिजे' असू दे. कुणाला पाहिजे आणि का पाहिजे, एवढं विचारू या.

आणि हा प्रश्न विचारला म्हणजे केंद्राचाच निकाल लागतो, असंही नाही. साताऱ्याकडचे एक निवृत्त एसटी वाहक माझ्याकडे आले होते. त्यांचे वडील अंथरुणावर. मी तोच प्रश्न केला, हे तुमच्या मुलाला सांगाल का? त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "सांगीन. सांगितलंयच. त्यानं माझं असंच करावं, आणि मी सुनेलाबी लेकीसारखं बघीन." खोटं बोलत नव्हते. मग तो त्यांचा नियम. त्यावर मला बोलायचा अधिकार नाही. त्यांना अपराधी वाटतच नव्हतं, ते नुसते थकले होते, आणि थकव्याला नीतिशास्त्र नको असतं, बदली माणूस हवा असतो. आठवड्यातून दोन रात्री पुतण्यानं झोपायला यायचं ठरलं आणि आमचं काम संपलं.

लेकीच्या जागी लेकीला बसवून पाहिलं, पण खाटेवर स्वतः झोपून पाहायचं राहिलं तर हा प्रश्न अर्धवट राहतो. हेअरचाही यावर फार भर होता: निर्णयाचा भार ज्याच्यावर पडणार, त्याच्या जागी जाऊन तेच वाक्य उच्चारता आलं पाहिजे. मी माधुरीताईंना विचारलं, "त्या केंद्रात तुम्ही आहात. ब्याऐंशीच्या. रात्री घर आठवतंय. काय असेल तर चालेल?" त्यांनी उत्तर द्यायला पूर्ण आठवडा घेतला. अंथरूण ओलं राहता कामा नये. रात्री हाक मारली तर कुणी खेकसू नये. तोंडाला चव येईल असं खायला हवं. आणि ईशा येत राहायला हवी, ठरलेल्या दिवशी, म्हणजे वाट बघता येते. या अटी घेऊन त्या तिसऱ्यांदा त्या केंद्रात गेल्या, या वेळी रात्री नऊला, न कळवता. त्या खाटेवर आपण राहूच शकणार नाही असं उत्तर आलं असतं, तर फॉर्म फाडावा लागला असता.

त्या कागदाच्या मागच्या बाजूला आता नवी वाक्यं होती. आईला वेदना आणि अस्वच्छता सोसावी लागू नये. आपल्याला विसरले असं तिला वाटू नये. खर्च आणि दगदग भावंडांनी वाटून घ्यावी. करणाऱ्याची तब्येत त्यात मोडू नये. चारही वाक्यं ईशाला वाचून दाखवता येण्यासारखी होती, आणि त्यांनी ती फोनवर वाचून दाखवलीही. 'जमेल तेवढंच केलं' अशी टोचणी तरीही उरली होती. तेव्हा मी त्यांना पुन्हा मीमांसकांकडे नेलं. फळाची इच्छा धरून करायचं कर्म सगळ्या अंगांसह, तंतोतंत करावं लागतं. पण जे नित्य आहे, टाळता येत नाही, ते यथाशक्ति केलं तरी पुरं होतं, असं त्यांनी शतकांपूर्वी ठरवून टाकलं आहे. गणपतीच्या पूजेत गुरुजी संकल्प सांगताना 'यथाज्ञानेन यथामिलितोपचारद्रव्यैः' म्हणतात, जसं कळतं तसं, जे मिळालं त्यानं. माधुरीताईंना तो संकल्प पाठ होता. दरवर्षी म्हणत होत्या.

फॉर्म गेला. पहिले काही दिवस आई रडली, कुलपाचं विचारत राहिली. माधुरीताईही रडल्या. त्या रडण्यावर मी काही केलं नाही, करायचंही नसतं. आईला घरापासून लांब ठेवल्यावर दुःख होणारच, ते दुःख चुकीची पावती नव्हे. त्या बुधवारी आणि रविवारी जातात. आमटी तिखट असते म्हणून स्वयंपाकघरातल्या लोकांशी त्यांचं दोनदा वाजलं आहे.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला हे घरी करून पाहायचं असेल तर एवढं सांभाळा. ज्यांना आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, 'मीच गेलेलं बरं' असं मनात येतं, त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसू नये. आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोलावं, तो मोफत आहे. वाक्यं तपासायला मनाला थोडं बळ लागतं.

दुसरं, हा प्रश्न भावंडांवर उगारू नका. "तुझ्या मुलाला सांगशील का असं?" म्हणून भावाला गाठलं की तो भांडण म्हणूनच ऐकणार. भावाशी बोलताना नियमाची भाषा नको, सरळ मागणी हवी. आणि सरळ मागणीच आपल्या घरांत कुणी करत नाही. 'दूध संपलंय' म्हणायचं आणि समोरच्यानं पिशवी घेऊन उठायचं, अशी आपली रीत. माहिती द्यायची, आज्ञा त्यानं ओळखायची. हे एका छपराखाली चालून जातं. माधुरीताई तीन वर्षं फोनवर भावाला सांगत होत्या, "आई तुझी आठवण काढते रे," "आता तिला उठवतही नाही." तोही माहितीला माहितीनं उत्तर द्यायचा: "हो का? डॉक्टर काय म्हणतात?" आणि मग इकडे बर्फ किती पडलाय ते. फोन ठेवल्यावर त्या तासभर धुमसायच्या. त्यानं समजून घ्यायला हवं होतं, असं त्यांना वाटायचं. पण त्याला सांगितलं काय होतं? आई आठवण काढते, एवढंच.

आम्ही वाक्य बसवलं. 'जमलं तर', 'बघ बाबा', 'तुझी अडचण कळते मला' असली शेपटं कापून टाकली. रविवारी त्यांनी फोन केला. "विनू, केंद्राचा निम्मा खर्च दर महिन्याच्या पाच तारखेला तू पाठवायचास. आणि वर्षातून एकदा तीन आठवडे इथं येऊन राहायचंस. त्या दिवसांत आईकडे तू जाणार, मी पुण्यात नसणार."

पैशाला तो लगेच हो म्हणाला. तीन आठवड्यांवर मात्र घासाघीस झाली, रजा, मुलांची शाळा, विमानाचे दर. शेवटी दोन आठवड्यांवर ठरलं. त्यानं फेब्रुवारीची तिकिटं काढली आहेत आणि माधुरीताईंनी त्याच तारखांना रत्नागिरीचं आरक्षण केलं आहे.